तीस बाह्तच्या आधीची वीस वर्षं

(दृश्य: ईसानमधली भातशेती, लाल मातीचा रस्ता)

थायलंडचा ईशान्य भाग. इथली माणसं त्याला ईसान म्हणतात. पावसाच्या भरवशावरचा भात, रेताड जमीन आणि देशातली सर्वांत जुनी गरिबी. 1970 च्या दशकात इथे घरात मोठं आजारपण आलं की दोन प्रश्न उभे राहायचे. न्यायचं कुठे? आणि पैसा आणायचा कुठून?

याच भागातल्या सिसाकेत प्रांतात रासी सलाई नावाचा तालुका आहे. तिथल्या छोट्या रुग्णालयात बँकॉकला शिकलेला एक तरुण डॉक्टर काम करत होता. सन्गुआन नित्यारुम्फोंग. उपचारापायी कर्जात बुडालेली कुटुंबं त्यांनी तिथे जवळून पाहिली. पुढे थायलंडच्या आरोग्य हमी योजनेचे शिल्पकार म्हणून देश त्यांना ओळखू लागला.

ही योजना जगभर 'तीस बाह्त' या नावाने गाजली. बाह्त म्हणजे थायलंडचं चलन. तीस बाह्त द्या आणि कुठल्याही आजारावर उपचार घ्या, अशी तिची सुरुवातीची घोषणा होती. तिची कहाणी सांगताना बहुतेक जण 2001 च्या निवडणुकीपासून सुरुवात करतात. पण या योजनेमागची रुग्णालयं कुठून आली, हे कळायला आणखी मागे जावं लागतं.

(दृश्य: तालुक्याचं रुग्णालय, बाह्यरुग्ण विभागाबाहेरची बाकं)

1972 पासून थायलंडमध्ये नव्या डॉक्टरांना तीन वर्षांची सरकारी सेवा सक्तीची झाली. त्यातले बरेच जण खेड्यापाड्यांत पाठवले गेले. मग 1982 ते 1986 या पंचवार्षिक योजनेत सरकारने एक अवघड निर्णय घेतला. शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांची नवी बांधकामं थांबवायची आणि तो पैसा तालुक्याची रुग्णालयं नि गावची आरोग्य केंद्रं यांच्याकडे वळवायचा. पाच वर्षं!

शहरातल्या मतदाराला, मंत्र्याला, बड्या डॉक्टरला दुखावणारा हा निर्णय होता. आरोग्यातली दरी कमी करू, असं कोणतंही सरकार म्हणतं. शहराचा निधी अडवून तो खेड्याला देणारी सरकारं फार थोडी. आमच्या मते या सगळ्या कहाणीतलं सर्वांत धाडसी पाऊल हेच.

परिणाम दिसायला वेळ लागला. 1977 मध्ये सरकारी व्यवस्थेतले निम्म्याच्या आसपास बाह्यरुग्ण प्रांताच्या मोठ्या रुग्णालयांत गर्दी करत होते. 2000 पर्यंत तिथे पाचातला जेमतेम एक उरला. बाकीच्यांना गावात किंवा तालुक्यालाच डॉक्टर, नर्स, औषध मिळू लागलं होतं.

आता प्रश्न राहिला पैशाचा.

(दृश्य: नोंदणीच्या खिडकीवर कार्ड दाखवणारी वृद्ध स्त्री)

सन्गुआन यांनी आपला आराखडा राजकीय पक्षांपुढे मांडला. पुढे पंतप्रधान झालेल्या थक्सिन शिनावात यांच्या पक्षाने तो उचलला आणि 2001 ची निवडणूक जिंकली. एप्रिलमध्ये सहा प्रांतांत योजना सुरू झाली, वर्षभरात देशभर पोचली आणि नोव्हेंबर 2002 मध्ये तिचा कायदा झाला. कुठल्याच विम्यात न बसणारे जवळपास पावणेदोन कोटी लोक एका झटक्यात आत आले. गरिबांना तर तीस बाह्तही माफ होते.

तिची खरी ताकद निधी वाटण्याच्या पद्धतीत होती. सुरुवातीला माणशी 1,202 बाह्त असा हिशोब ठरला. रुग्णालय किती मोठं, खाटा किती, यापेक्षा त्याच्यावर किती माणसं अवलंबून आहेत हे पाहून पैसा जाऊ लागला. माणसं भरपूर आणि साधनं तुटपुंजी असलेल्या ईसानला याचा मोठा आधार झाला. योजनेआधी गरीब प्रांतांत श्रीमंत प्रांतांपेक्षा जास्त तान्ही मुलं दगावत. योजना आल्यावर हे नातं जवळजवळ पुसलं गेलं, असं अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसलं. एचआयव्हीची औषधं योजनेत आली. 2008 मध्ये डायलिसिसही आलं. त्याच वर्षी जानेवारीत सन्गुआन कर्करोगाने गेले.

सगळं जमलं असं नाही. डॉक्टरांचे पगारही लोकसंख्येच्या हिशोबात धरायचे, म्हणजे शहरात दाटलेले डॉक्टर आपोआप ईसानकडे सरकतील, असा प्रयत्न झाला होता. शहरी रुग्णालयांच्या विरोधापुढे तो मागे घ्यावा लागला. बँकॉक आणि ईसान यांच्यातलं डॉक्टरांचं अंतर मिटलं नाही. सरकारी नोकरांची वेगळी योजना आजही त्यांच्यावर माणशी कितीतरी जास्त खर्च करते.

(दृश्य: म्यानमार सीमेजवळचं डोंगराळ गाव)

आणि एक गट तर दाराबाहेरच राहिला होता. डोंगरात, सीमेलगत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, पण नागरिकत्वाचा कागद नसलेले लोक. 2002 नंतर त्यांचं आधीचं आरोग्य संरक्षणही गेलं. सीमेवरच्या रुग्णालयांनी मात्र त्यांना परत पाठवलं नाही. तोटा सोसून उपचार केले आणि सरकारकडे पाठपुरावा चालू ठेवला. मार्च 2010 मध्ये मंत्रिमंडळाने या लोकांसाठी स्वतंत्र निधी मंजूर केला.