क्रॉपीला जायचंय? आधी तळं लेव्हीच्या कुठल्या अंगाला ते सांगा

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं. मागच्या पॉटलकला मी सहज बोलून गेलो की आम्ही तिघंजण दर मार्चला क्रॉपी नावाचा मासा धरायला जातो, आणि त्यावर इतक्या जणांनी "आम्हाला पण न्या" म्हणून धरलं की शेवटी आजचा रविवार माझ्या गळ्यात पडला. मी काही एक्स्पर्ट वगैरे नाही हां, दिवसभर सर्व्हर सांभाळतो, पण इकडे अमेरिकेत, टेनेसीतल्या मेम्फिसला येऊन सोळा वर्षं झालीत आणि त्यातली पहिली चार-पाच मी रिकाम्या हाताने परत येण्यात घालवलीत, त्यामुळे काय करायचं नाही हे मला बऱ्यापैकी पाठ आहे.

पहिलं म्हणजे नाव. स्पेलिंग बघून आपण क्रॅपी म्हणतो, तसं बेट शॉपमध्ये, म्हणजे आमिषाच्या दुकानात, जाऊन म्हणू नका, इकडे क्रॉपीच म्हणतात. खाली लुइझियानात त्यालाच सॅकले म्हणतात, म्हणजे फ्रेंचात दुधाची पिशवी, मांस पांढरंशुभ्र असतं म्हणून असेल. दिसायला पापलेटासारखी दोन्ही अंगांनी चपटी, पण खवल्यांची. पंजाएवढी असली तर सोडायची, पंजा आणि वर मनगट भरली तर ठेवायची, हा माझा हिशोब, सरकारी नाही. पांढरी आणि काळी अशा दोन जाती. पाठीवरच्या पंखाचे काटे मोजायचे, पाच-सहा असले तर पांढरी, सात-आठ असले तर काळी. नुसत्या रंगावर जाऊ नका, कारण अंडी राखायच्या दिवसांत पांढरीचा नरसुद्धा काळाकुट्ट पडतो आणि लोक फोटो टाकून "ब्लॅक क्रॉपी" लिहून मोकळे होतात.

आता मुद्द्याचं. पॉटलकपासून मला जेवढे मेसेज आले त्यात सगळ्यांचे प्रश्न दोनच, कुठला वीकेंड आणि कुठलं हॉटेल. आपली सवयच आहे ती, डिसेंबरात मार्चचं एअरबीएनबी बुक करायची. क्रॉपीत हे दोन प्रश्न सगळ्यात शेवटी येतात. पहिला प्रश्न हा की आपण जातोय ते तळं लेव्हीच्या कुठल्या अंगाला आहे. लेव्ही म्हणजे मिसिसिपी नदीचा पूरबांध, तो मातीचा लांबच लांब उंचवटा, ज्यावरून आपण कसिनोला जाताना गाडी चढवून उतरवतो. (हशा) हसताय म्हणजे गेलेले आहात सगळे.

नववीचा भूगोल आठवा जरा. नागमोडी वळणं आणि नालाकृती सरोवर, आकृती काढून नावे द्या, तीन मार्क. हे तेच. नदी वळत वळत जाते, वळणाची मान बारीक होत होत एक दिवस तुटते, नदी सरळ निघून जाते आणि मागे घोड्याच्या नालेसारखं पाणी उरतं. मेम्फिसपासून खाली विक्सबर्गपर्यंत दोन्ही बाजूंना अशी तळी शिंपडल्यासारखी पडलीत, मून लेक, हॉर्सशू लेक, लेक वॉशिंग्टन, लेक चिको, ईगल लेक. काही नदीने स्वतः केलेली, काही माणसांनी. १९३० ते ४० च्या दशकात आर्मीच्या इंजिनियर लोकांनी पूर लवकर वाहून जावा म्हणून वळणांच्या माना मुद्दाम कापल्या, आपलं ट्युनिका कटऑफ तळं त्यातलंच, १९४२ चं. गंमत अशी की राज्याची हद्द जुन्या पात्रातूनच राहिली, त्यामुळे तळ्याचा काही भाग मिसिसिपीत आणि काही आर्कान्सात. रीलफूट लेक मात्र ह्यात धरू नका, ते १८११-१२ च्या भूकंपातलं.

हे मी एवढं का सांगतोय, तर नकाशावर ती नाल दिसली की पाण्यात न उतरता तळ कळतो. नदी वळताना बाहेरचा काठ कापते आणि आतल्या काठाला वाळू टाकते. नदी गेली तरी तो तळ तसाच राहतो. म्हणजे नालेची बाहेरची कड खोल, आतली कड उतरती आणि उथळ, आणि दोन टोकं, जिथून नदी आत शिरायची आणि बाहेर पडायची, ती गाळाने भरून सगळ्यात उथळ, कधी कधी पार चिखल. थंडीत आणि भर उन्हाळ्यात मासा बाहेरच्या कडेच्या खोल पाण्यात असतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालायला आतल्या उथळावर आणि टोकांकडे येतो. फिश फाइंडर घ्या की, मी नाही म्हणत नाही, पण सातशे डॉलरचं मशीन तुम्हाला जे दाखवेल त्यातलं निम्मं फोनवरच्या सॅटेलाइट फोटोत फुकट दिसतं.

आता लेव्ही. तळं लेव्हीच्या नदीकडच्या अंगाला असेल, उदाहरणार्थ ट्युनिका कटऑफ, तर ते अजून नदीच आहे असं समजा. नदी चढली की ते चढतं, नदी उतरली की उतरतं. इथे कोण कोण सांगलीचं आहे? दोन, तीन. मग तुम्हाला समजवायलाच नको. पावसाळ्यात आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या काय विचारतात? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट! चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं तेव्हा आमच्या घरातलं कपाट तरंगत होतं. इथेही तसंच, फक्त पूल नाही, मेम्फिसचा गेज, म्हणजे नदीची पातळी मोजायची पट्टी. पहिल्यांदा बघाल तेव्हा दचकाल, कारण इथे आकडा उणे पण जातो. गेजचा शून्य म्हणजे नदीचा तळ नाही, मोजायला धरलेली एक खूण आहे. १९३७ ला ४८.७ फूट झालं होतं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात उणे १२ च्या खाली गेलं. म्हणजे साठ फुटांचा फरक, सहा मजली बिल्डिंगएवढं पाणी वर-खाली.

हे मला कळायच्या आधीची गोष्ट सांगतो. दुसरं वर्ष असेल, सेकंडहँड जॉन बोट घेतलेली, तीच ती सपाट बुडाची, अल्युमिनियमची, बायकोला अजून किंमत खरी सांगितलेली नाही, (हशा) आणि पहाटे साडेतीनला उठून मी आणि माझा मित्र निघालो, डबा, थर्मास, दोन डझन मिनो, म्हणजे आमिषाचे छोटे मासे, बादलीत, आणि कटऑफच्या रॅम्पवर, बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, पोहोचलो तर रॅम्पच नाही. म्हणजे रस्ता सरळ पाण्यात गेलेला, आणि पुढे चाळीस फुटांवर एका पिकनिक टेबलाचा फक्त वरचा फळा दिसतोय आणि त्यावर एक कासव बसलंय. आठवडाभर वर ओहायोच्या खोऱ्यात पाऊस झाला होता, आमच्याकडे टेनेसीत थेंब नव्हता, आम्हाला कसं कळणार? गेजवर कळलं असतं, चार दिवस आधी. आम्ही गाडीच्या बॉनेटवर थालीपीठ खाल्लं आणि परत आलो. मिनो सोडून दिले.

त्यामुळे नदीच्या अंगाचं तळं असेल तर आकड्यापेक्षा आकडा कुठल्या दिशेने चाललाय ते बघायचं. भराभर चढत असेल तर जाऊच नका, पाणी झाडीत शिरतं आणि मासा त्याच्यामागे जंगलात पसरतो, बोट जातच नाही तिथे. हळूहळू उतरत असेल किंवा चार-पाच दिवस स्थिर असेल तर उत्तम. भराभर उतरत असेल तर रॅम्पचं खालचं टोक चिखलात संपतं आणि सकाळी सोडलेली बोट संध्याकाळी वर ओढायला ट्रॅक्टर लागतो. तो ट्रॅक्टरवाला दादा फार भला माणूस होता, पण ती दुसरी गोष्ट.

तळं लेव्हीच्या शेताकडच्या अंगाला असेल, मून लेक, लेक वॉशिंग्टन, चिको, तर गेज थोडा बाजूला ठेवा आणि थर्मामीटर घ्या. अशी तळी उथळ आणि त्यामुळे फार चंचल. मार्चमध्ये तीन दिवस छान ऊन पडलं की कडेचं पाणी झपाट्याने तापतं, साधारण साठ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबाने पंधरा-सोळा डिग्री, झालं की क्रॉपी काठाला येते. आणि चौथ्या दिवशी उत्तरेचं गार वारं आलं की तेच पाणी तेवढ्याच झपाट्याने गार होतं आणि मासा उथळ सोडून लगतच्या खोल कडेला जाऊन तोंड मिटून बसतो. बरं, वाऱ्याचं वेगळंच. तीन-चार फूट पाण्यावर ताशी वीस मैलांचा वारा एक दुपारभर वाहिला की तळ्याचा चहा होतो, दुधाचा. म्हणून वीकेंड कुठला ते मला डिसेंबरात विचारू नका. इकडचे म्हातारे म्हणतात डॉगवुडचं झाड फुललं की क्रॉपी काठाला. मी सुरुवातीला गुढीपाडव्याचं धरायचो, पण आपला पाडवा अधिक मासाने महिनाभर मागेपुढे होतो, मासे पंचांग बघत नाहीत, म्हणून आता डॉगवुडच.

उत्तरेच्या काठापासून सुरुवात करा. त्याला दिवसभर दक्षिणेचं ऊन समोरून मिळतं आणि गार वारा मागच्या झाडांनी अडतो, त्यामुळे ते पाणी आधी तापतं. तिथे पाण्यातच उभी सायप्रसची झाडं असतात, बुंधा खाली घागरीसारखा फुगलेला, भोवती गुडघ्यांसारखी मुळं पाण्याबाहेर आलेली. बोट लांब ठेवायची, दहा-बारा फुटी काठी पुढे करायची आणि गळ बुंध्याला घासून सोडायचा, सावलीच्या बाजूने. एका झाडाला चार मिळतील, शेजारच्या तसल्याच झाडाला एकही नाही, का ते विचारू नका, पुढे सरकायचं. फ्लोटपासून गळ दोन-अडीच फूटच खाली. क्रॉपीचे डोळे वर बघणारे असतात, ती डोक्यावरचं खायला वर येते, पायाखालचं बघतच नाही. गळ तिच्या खाली गेला तर तुम्ही तळ्याला नुसतं अंघोळ घालताय.

आणि हिसका मारू नका! हे मला शिकायला दोन सीझन गेले. कृष्णेत वडलांनी शिकवलं होतं, ओढ लागली की खाडकन हिसका. इथे मी तसं केलं, काठी वाकली, जड लागलं, मग एकदम हलकी. वर घेऊन बघतो तर गळाच्या टोकाला नखाएवढा पारदर्शक पापुद्रा, कांद्याच्या सालीसारखा. ओठ होता तो. क्रॉपीचं तोंड कागदासारखं पातळ, म्हणून इकडे पेपरमाउथच म्हणतात. नुसतं मनगटाने काठी उचलायची, दोरी ढिली पडू द्यायची नाही, आणि शेवटी खालून जाळी धरायची. गळ बारीक तारेचा घ्या, सोनेरी मिळतो तो, मुळात अडकला तर जोराने ओढल्यावर सरळ होऊन सुटून येतो, बोटाने परत वाकवायचा की चालू. जिग, म्हणजे वजन लावलेला खोट्या आमिषाचा गळ, वापरायचं तर एक-सोळांश औंस पुरे, म्हणजे पावणेदोन ग्रॅम, आणि गढूळ पाण्यात काळा-पोपटी रंग.

लायसन्सचं पटकन सांगतो, टेनेसीचं मिसिसिपी राज्यात चालत नाही, सोळा आणि त्यावरच्या प्रत्येकाला तिकडचं हवं, फोनवर मिळतं. दिवसाला माणशी तीस क्रॉपी ही राज्याची लिमिट, काही तळ्यांना वेगळे नियम आहेत, जायच्या आदल्या दिवशी बघून घ्यायचे. लाइफ जॅकेट पोरांना घातलेलंच हवं, सीटखाली ठेवलेलं नको. पाण्यातल्या फांद्यांवर कॉटनमाउथ नावाचे विषारी साप असतात, फांदी धरून बोट थांबवायची सवय असेल तर मोडा. आणि सिल्व्हर कार्प. तोच आपला चंदेरा, माझ्या मामाने शेततळ्यात सोडलाय आणि वजन किती झालं ते कौतुकाने सांगतो, तोच इथे मोटरच्या आवाजाने उडी मारून बोटीत येतो. माझ्या बरगडीला एकदा बसलाय, चार किलोचा असेल. मामाला फोटो पाठवला तर म्हणतो, फुकट मिळाला की रे.

खायचं काय करायचं, हा तिसऱ्या रांगेतून प्रश्न आलाय. बायको वेंगुर्ल्याची, गोड्या पाण्यातला मासा म्हटलं की नाक मुरडायची, चिखलाचा वास येतो म्हणे. पहिल्यांदा क्रॉपीच्या तुकड्या साफ करून आणल्या तेव्हा तिने न बोलता हळद, तिखट, मीठ, आगळ लावलं, तांदळाच्या पिठात थोडा रवा घालून घोळवलं आणि तव्यावर सोडलं. खाऊन म्हणाली, "बरं आहे." वेंगुर्ल्याच्या माणसाकडून गोड्या पाण्याला "बरं आहे" मिळणं म्हणजे काय ते इथल्या मालवणी मंडळींना विचारा. बर्फावर मात्र लगेच टाकायचा, बादलीत दुपारपर्यंत ठेवलात तर तिचंच म्हणणं खरं होईल.

तर आपलं ठरवूया. चिको सुंदर आहे, वीसेक मैल लांबीची नाल, १९२३ च्या एप्रिलमध्ये वैमानिक लिंडबर्गने पहिल्यांदा रात्री विमान उडवलं ते ह्याच पाण्यावरून, स्टेट पार्कात केबिन्सही आहेत. पण तीन तासांचा रस्ता आणि केबिन आधी बुक करायची म्हणजे तारीख आधी ठरली, आणि तारीख आधी ठरली की वारा नेमका त्याच दिवशी. पहिल्या वेळेला इतकी पोरं घेऊन मी तो जुगार खेळणार नाही. मून लेक तासाभरावर आहे, लेव्हीच्या शेताकडच्या अंगाला, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मार्चच्या शेवटच्या दोन आणि एप्रिलच्या पहिल्या शनिवारी काही ठेवू नका. प्रत्येक आठवड्याच्या बुधवारी रात्री नऊला मी पाणी आणि वारा बघून ग्रुपवर फक्त "हो" किंवा "नाही" टाकेन. "हो" आलं तर शनिवारी पहाटे साडेचारला ह्याच पार्किंगमध्ये, आणि ज्यांना साडेचार म्हणजे साडेपाच वाटतं त्यांनी आपल्या गाडीने यावं.