गंगेवर जाऊन येते

सकाळचे साडेसात. जुन्या नाशकातला तिवंधा. वाड्याच्या दिंडी दरवाजातून आजी वाकून बाहेर पडतात. हातात कापडी पिशवी, पायात रबरी चपला. आज बुधवार, गंगेवर बाजार भरलाय. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात.

थोडा वेळ नुसतं बघू या.

(आजी उतारावरून जातात. फक्त रस्त्याचा आवाज.)

'नाशिक नव टेकांवर वसविले' असं जुनी माणसं सांगतात. टेक म्हणजे छोटी टेकडी. जुनी गढी, कोकणी टेक, पठाणपुरा, जोगवाडा, डिंगर अळी, सोनार अळी... मोजायला बसलात तर नवाच्या वर जातात, आणि त्यातली खरी नऊ कुठली यावर वाद घालणारेही इथेच भेटतात. टेकावर घरं का, ते खाली उतरल्यावर कळतं. मोठा पूर आला की पाणी सराफ बाजारात शिरतं, वरची वस्ती कोरडी राहते. म्हणजे पुराच्या धाकानं माणसं वर राहायला गेली आणि पाण्याला, बाजाराला, देवाला खाली उतरत राहिली. या चढ-उतारानं हृदयाचं आरोग्य राखलं जातं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

आता आजींच्या टाचांकडे बघा. उतार. तीन पायऱ्या. बोळ. बोळातून डावीकडे. गिरणीपाशी थांबून 'दळण झालं का रे?' आणि पुढे. इथे बोळाला बोळ मिळतो, त्यामुळे वळसा पडत नाही. सराफ बाजार, भांडी बाजार, की आलाच घाट.

१९५३ साली लंडनमध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसमधली माणसं तपासली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर वर-खाली. बस एकच, पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी, आणि झालाच तर उशिरा. टेकावरच्या आजी म्हणजे त्या बसमधल्या कंडक्टरच की!

पूर्वी सांगायचे, सलग दहा मिनिटं तरी चाललात तरच ते व्यायामात धरायचं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं ती अट काढून टाकली. आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल हवी, मग ती तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालते. गिरणीपर्यंतचा तुकडासुद्धा त्यात आला. २०१६ साली १४ शहरांतल्या माणसांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधून एक अभ्यास झाला. दाट वस्ती, एकमेकांना मिळणारे रस्ते, जवळ बस, जवळ बाग अशा भागात राहणाऱ्यांची हालचाल आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटांनी जास्त निघाली.

(पहाट. जॉगिंग ट्रॅकचं फाटक.)

नाशकात जॉगिंग ट्रॅक चांगले आहेत. कृषीनगरचा आहे, गोविंदनगरचा आहे. आत जायच्या आधी फाटकाबाहेर लागलेल्या गाड्या बघा. चालायला जायचं म्हणून गाडी काढायची!

ही एक नवी कॉलनी. दुधाचं दुकान दिसतंय तेवढ्यावर, तरी स्कूटी बाहेर निघते. का, ते फुटपाथला मापाची टेप लावल्यावर समजलं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुटपाथची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, आणि चालायला १.८ मीटर तरी मोकळी जागा हवी. उंची मोजताना आमची टेप ३१ सेंटीमीटरवर थांबली. कसेबसे वर चढलो तर समोर विजेची डीपी, तिला टेकून भेळेची गाडी, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक. गुडघे धरलेला माणूस इथे चढणार कसा आणि उतरणार कुठे? तो रस्त्यावरूनच चालतो. नाहीतर घरी बसतो. बसून राहिल्यानं रक्तदाब आणि साखर वाढते, ते डॉक्टर सांगतातच.

जुन्या नाशकात सगळं छान आहे असं नाही. बोळात दुचाक्या घुसल्यात, पावसाळ्यात वाडे पडतात. तो विषय आज कॅमेऱ्यात नाही.

(गंगाघाट. आजी परत निघतात.)

आता सगळा चढ. पिशवीत मेथीच्या दोन जुड्या, वांगी, आल्याचा तुकडा. अर्ध्या वाटेवर ओळखीचा ओटा आहे, तिथे आजी टेकतात. पिशवी मांडीवर.

'आजी, तुम्ही रोज फिरायला जाता का हो?'

'फिरायला? मला कुठला आलाय वेळ! मेथी निवडायची आहे अजून.'

(आजी उठतात. पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात. उरलेला चढ.)