राडारोडा पुन्हा पायाखाली

इमारत पाडली की सळई तेवढी भंगारात लगेच जाते. बाकीचा राडारोडा, म्हणजे विटांचे तुकडे, काँक्रीटची ढेकळं, गिलाव्याचे पापुद्रे, कुणालाच नको असतो. तो टाकला जातो, कुठेतरी.

पण त्याचाच चुरा करून बांधकामाखालची कच्ची माती सुधारता येते. आता आपली काळी माती बघा. चिकट, काळीभोर. हिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असतं. त्याच्या थरांत पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आकसते. घर हलकं असेल तर ते तिच्याबरोबर वरखाली होतं आणि भिंती तडकतात.

अशा मातीत राडारोड्याचा चुरा मिसळला, की कणखर कण वाढतात, चिकणमातीचा वाटा कमी होतो, फुगणंही घटतं. विटांचा बारीक चुरा, म्हणजे सुरखी, चुन्याच्या सोबतीने हळूहळू घट्ट बांधला जातो. जुन्या काँक्रीटकडून मात्र सिमेंटची अपेक्षा धरू नये. त्यातला बराच चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आधीच निकामी केलेला असतो. म्हणून बऱ्याचदा वरून थोडा चुना किंवा सिमेंट घालावं लागतं.

प्रमाण ठरतं प्रयोगशाळेत. मिश्रण साच्यात ठोकून बसवायचं, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचं. मग ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या मिनिटाला १.२५ मिलिमीटर या संथ गतीने त्यात रेटायचा. तो २.५ मिलिमीटर आत जायला किती जोर लागला, ते मोजायचं. नुसती काळी माती भिजल्यावर इथे लगेच हार मानते.

खरी मेख वर्गीकरणात आहे. यंत्रं भाड्याने मिळतात, निवडणारी नजर मिळत नाही! पीओपीचं छत किंवा जिप्समचा तुकडा चुऱ्यात गेला, तर त्यातलं सल्फेट, चुना, मातीतलं अ‍ॅल्युमिना आणि पाणी मिळून एट्रिंगाइट नावाचं खनिज तयार होतं. ते फुगतं. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच दुखणं परत. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे तर पाडकामाआधीच वेगळे काढायला हवेत.

साइटवर आणखी एक काळजी. काँक्रीटच्या खडीला चिकटलेला जुना मसाला पाणी पितो. ती आधी भिजवली नाही, तर रोलर फिरेपर्यंत मिश्रण कोरडं पडतं आणि नीट दबत नाही. शिवाय या भरावातून झिरपणारं पाणी अल्कधर्मी असतं. विहीर जवळ असेल, तर जागा बदललेली बरी.