थाळनेर: राजे जिथे परत आले

सकाळचं ऊन आधी घुमटावर पडतं. मग हळूहळू भिंतीवर उतरतं आणि दगडातली नक्षी उठून दिसायला लागते. बाहेरून ही कबर अष्टकोनी आहे. मोजायची असेल तर भोवती एक फेरी मारावी लागते, कारण समोर उभं राहिलं की तीनच बाजू दिसतात. आत पाऊल टाकलं की गारवा. वैशाखात या गारव्याचं मोल काय, ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको.

हे थाळनेर. शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं गाव. आणि हे त्याचं जुनं कब्रस्तान.

१३७० साली दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंदची जहागीर दिली. करवंद म्हणजे शिरपूरजवळचंच. शिकारीत वाट चुकलेल्या, भुकेल्या सुलतानाला मलिक राजाने आपल्याजवळचं खायला दिलं, त्याचं हे बक्षीस, असं फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. खरंखोटं फिरिश्ता जाणे! पण खानदेशावर दोनशेहून अधिक वर्षं राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याची सुरुवात इथून झाली. १३९९ मध्ये मलिक राजा वारला, त्याला थाळनेरातच दफन केलं.

त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला, आणि तापीच्याच काठाने वर जाऊन बुऱ्हाणपूर वसवलं. कारभार तिकडे गेला. थाळनेर मागे पडलं.

पण माती थाळनेरचीच राहिली. १४३७ मध्ये नसीर खान वारला, तो इथे आला. त्याचा मुलगा मिरान आदिल, १४४१ मध्ये, इथेच. नातू मिरान मुबारक, १४५७ मध्ये, तोही इथेच. जगायला बुऱ्हाणपूर, निजायला थाळनेर. माळव्याच्या सुलतानांच्या कबरी पाहिलेल्यांना इथल्या दारा-खिडक्यांची घडण ओळखीची वाटेल.

मुबारकचा मुलगा दुसरा आदिल खान मात्र बुऱ्हाणपुरातच राहिला, मेल्यावरही. तिथून ही वहिवाट मोडली.

पलीकडे गढी आहे, तापीच्या अगदी अंगावर. १८१८ च्या जानेवारीत मंदसौरच्या तहाने होळकरांनी खानदेशातला आपला मुलूख इंग्रजांना दिला. फेब्रुवारीच्या २७ तारखेला सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरला आला, तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामा गढी सोडेना. दरवाजाशी झटापट झाली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर हे दोन इंग्रज अधिकारी पडले. मग आतली अरब शिबंदी कापून काढली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिली. ही फाशी इतकी गाजली की पुढच्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटात हिस्लॉपचे आभार मानतानाही ती आड आली. त्या शिबंदीवर घुमट बांधायला कोण उरलं होतं?

आज घुमटांच्या आसपास शेळ्या चरतात. एक म्हातारे बाबा निंबाच्या सावलीत टेकलेत. विचारलं, बाबा, हे कुणाचं?

"राजास्ना घुमट शेतस."

कोणत्या राजांचे?

"ते माले काय माहीत, भाऊ!"

काठी उचलून ते शेळ्या नदीकडे वळवतात. दुपार व्हायच्या आत त्यांना पाणी दाखवायचं आहे.