उधाणाचे आकडे की भांगाचे?

(दादर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘पीएच.डी.चं संशोधन आणि समाज’. त्यावर बोलणारच आहे, पण आधी वर्सोव्याला जाऊ.

डोल जाळीच्या मासेमारीवर प्रबंध लिहिणारी एक मुलगी माझ्या ओळखीची. डोल काय असते हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. मागच्या रांगेतल्या मुलांसाठी सांगतो. पिशवीसारखं लांबलचक जाळं समुद्रात एका जागी बांधून ठेवायचं, तोंड प्रवाहाकडे. पाण्याच्या ओढीनं मासा आत जातो. बोंबील, जवळा यातच येतात. (बोंबील न आवडणारं कुणी आहे का इथे? हात वर करा. एकही नाही! मग पुढचं मोकळेपणानं बोलतो.)

तिचा प्रश्न साधा होता: या जाळ्यात न वाढलेली पिल्लं किती सापडतात? तिनं नमुने मोजले, महिन्यामहिन्याची सरासरी काढली, तक्ते केले. प्रबंध सादर करण्याआधी तिनं ते वर्सोव्याच्या कोळीवाड्यात मांडायचं ठरवलं. मंडप, भिंतीवर चादर, चादरीवर तक्ता. पुढे बसलेल्या एका मावशीनं बराच वेळ तक्ता पाहिला आणि विचारलं, “बाय, ह्ये आकडे उधानाचे का भांगाचे?”

तक्त्यात जानेवारी होता, फेब्रुवारी होता. पण अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, तेव्हा ओढ जोराची; अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा मंद. आणि डोल चालते तीच ओढीवर. महिन्याच्या सरासरीत दोन्ही एकत्र कालवलेले! बरं झालं, प्रत्येक नमुन्याची तारीख वहीत होती. तिनं पंचांग घेतलं, तिथीप्रमाणे सगळे आकडे पुन्हा मांडले, आणि पिल्लं कोणत्या दिवसांत जास्त येतात ते स्पष्ट दिसायला लागलं.

आता माझं गाऱ्हाणं. हा प्रश्न मार्गदर्शकांनी विचारला नाही, समितीनं विचारला नाही. माणसं विद्वान आहेत, शंकाच नाही. पण भांगाच्या दिवशी हलकं जाळं ओढण्यावर त्यांचं घर चालत नाही. मावशीचं चालतं. 2023 साली राज्य सरकारनं 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. तो पाळायचा कुणी? कोळ्यांनीच ना? मग पिल्लं कधी येतात याचा अभ्यास त्यांच्यापर्यंत पोचायला नको? तो जातो ‘शोधगंगे’वर. देशभरचे प्रबंध तिथे कुणालाही वाचता येतात, फार मोलाची सोय आहे. पण वर्सोव्यात सूप घेऊन जवळा पाखडणाऱ्या बाईनं तिथे जाऊन इंग्रजी प्रबंध उघडावा, ही अपेक्षा कुणी धरली?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं 2008 मध्ये तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा सुरू केली, ती आता जगभर होते. त्याबद्दल बरंच सांगायचं होतं. एवढंच म्हणतो: स्पर्धा चांगली, मुलं नेमकं बोलायला शिकतात, पण तिथे परीक्षक गुण देतात, मावशी नसते. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे, त्यामुळे भाषा अपुरी पडते ही सबब मी ऐकणार नाही.

मागणी तीनच गोष्टींची, घाईत सांगतो. प्रत्येक प्रबंधाला चार पानांचा मराठी गोषवारा हवा, आणि तो विद्यार्थ्यानंच लिहावा. जिथून माहिती घेतली त्या वस्तीत, चाळीत, वाड्यात एक सभा व्हावी, तीही अंतिम मौखिक परीक्षेच्या आधी, म्हणजे तिथे निघालेली दुरुस्ती प्रबंधात जाईल. आणि मंडप, चहा, प्रवास यांचा खर्च शिष्यवृत्तीत धरावा. आज तो मुलांच्या खिशातून जातो. या मागणीचा अर्ज दाराशी ठेवलाय, सही करून जा.