स्कोरबुकातल्या रिकाम्या ओळी

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं.

तर विषय जरा लांबचा आहे, अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलला पोरं का कमी पडायला लागलीयत, आणि तुम्ही म्हणाल आम्हाला काय त्याचं, आमच्याकडे दहावी आली की बॅट माळ्यावर जाते आणि विषय संपतो. खरंय. पण मी गेली अठरा-एकोणीस वर्षं इंडियाना राज्यात कोलंबस नावाच्या गावात राहते, नवरा कमिन्स कंपनीत, आणि तिथे पुण्याचे इतके लोक आहेत की दुकानात कुणाबद्दल मराठीत बोलायचं तर आधी मागे वळून बघावं लागतं. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मुलं शाळेत गेली, पालकांनी काहीतरी काम करायचं असतं, कुणी पॉपकॉर्न विकतं, मला हिशोबाची सवय म्हणून टेबलावर स्कोरबुक लिहायला बसवलं, आणि मी बसले ती बसलेच.

स्कोरबुक म्हणजे एक आडवी वही. एका टीमला एक पान, पानावर साधारण पंधरा ओळी, ओळीत खेळाडूचं नाव, नंबर, पुढे फाऊलच्या पाच चौकटी, पाचवी भरली की तो पोरगा बाहेर. मी सुरुवात केली तेव्हा ओळी पुरायच्या नाहीत, खाली समासात नाव लिहायला लागायचं. आणि तीन वर्षांपूर्वी मुलींच्या जेव्हीची, म्हणजे ज्युनियर टीमची, एक मॅच होती, पाहुण्या टीमची सात नावं लिहिली आणि मी पेन धरून वाट बघत बसले, तर त्यांची कोच म्हणाली, झालं, एवढ्याच आहेत. चार क्वार्टरऐवजी दोनच खेळवले, कारण त्यातल्या तिघींना नंतर मोठ्या टीममध्येही उतरायचं होतं.

आता हे इंडियानात व्हावं म्हणजे पंढरपुरात टाळकरी कमी पडण्यासारखं आहे हो. हा खेळ जन्मला 1891 ला मॅसॅच्युसेट्समध्ये, पण त्याचं वेड इंडियानाचं. 1954 ची गोष्ट तिथल्या शेंबड्या पोरालाही माहिती असते, मायलन नावाचं खेडं, शाळेत सगळी मिळून 161 मुलं, आणि त्यांनी मन्सी सेंट्रलसारख्या दांडग्या शाळेला राज्याच्या फायनलमध्ये 32-30 हरवलं. बॉबी प्लम्प नावाचा पोरगा शेवटच्या क्वार्टरमध्ये चार मिनिटं नुसता बॉल हातात धरून उभा होता, आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याने बास्केट मारली. तेव्हा लहानमोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत, त्या वर्षी 751 शाळा होत्या. (सगळं गोडच होतं असं नाही. पुढच्याच वर्षी इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स या काळ्या मुलांच्या शाळेने स्पर्धा जिंकली, टीममध्ये पुढे जगप्रसिद्ध झालेला ऑस्कर रॉबर्टसन, पण त्यांची मिरवणूक शहराच्या मध्यात रेंगाळू न देता त्यांच्या वस्तीतल्या बागेकडे वळवली.) आणि 1990 च्या फायनलला 41,046 माणसं. हायस्कूलच्या मॅचला!

मग काय झालं? माझं आधी एकच उत्तर असायचं, मोबाइल. पोरं आळशी झाली, दिवसभर स्क्रीनला डोळे. सोपं उत्तर आहे, कुणी वाद घालत नाही, आणि मी बरीच वर्षं तेच ठोकत होते. पण मग माझ्या मुलाला टीममधून काढलं. काढलं म्हणजे घेतलंच नाही. नववीला ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, चाळीसच्या वर पोरं, जागा पंधरा. रात्री साडेनऊला शाळेच्या साइटवर यादी लागली, तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचून गेला, मग मला म्हणाला, आई तू बघ जरा, माझं काहीतरी चुकत असेल. काही चुकत नव्हतं. आता या पोराला खेळात इंटरेस्ट नाही असं म्हणणार का आपण? पण वहीत त्याचं नाव नाही, म्हणजे आकड्यातही तो नाही.

तेव्हापासून मी शाळा मोजायला लागले. 1954 च्या 751 शाळांच्या जागी आज राज्यात चारशेच्या आसपास उरल्यात. खेड्यातल्या शाळा एकत्र केल्या, खर्च वाचतो, लॅब चांगली मिळते, हे मान्यच आहे, पण तीन शाळांची एक झाली की टीम तीनच्या तीन राहत नाहीत, एकच होते. आमच्या वर अँडरसन म्हणून गाव आहे, जनरल मोटर्सच्या कारखान्यांत एके काळी वीस हजारांच्या वर माणसं कामाला, तीन हायस्कुलं. कारखाने गेले, मागोमाग माणसं गेली, 1997 ला एक शाळा बंद, 2010 मध्ये दुसरी विलीन. राहिली एक. त्यांचं विगवॅम नावाचं जिम, जिम म्हणजे आपली डंबेल्सवाली नाही हां, खेळाचं बंदिस्त मैदान, त्यात जवळपास नऊ हजार माणसं बसायची, ते 2011 ला परवडत नाही म्हणून बंद केलं. आता हिशोब करा, तीन टीमची पंचेचाळीस पोरं जिथे खेळायची तिथे पंधरा. बाकीची तीस कुठे गेली असं विचारलं की लोक म्हणतात, मोबाइलवर.

हे झालं मुलांचं. मुलींची गोष्ट अगदी उलटी आहे, तिथे जागा आहेत पण मुलीच येत नाहीत, आणि ती मला जास्त खटकते. अख्ख्या अमेरिकेत 2000 च्या सुमाराला साडेचार लाख मुली शाळेत बास्केटबॉल खेळायच्या, 2018-19 मध्ये तो आकडा चार लाखांच्या खाली आला. त्याच काळात मुलांचा आकडा पाच लाख चाळीस हजारांच्या आसपास, जवळपास तिथल्या तिथे. म्हणजे मोबाइल फक्त मुलींनाच दिले होते का?

मुली व्हॉलीबॉलला गेल्या. 2014-15 मध्ये व्हॉलीबॉलने बास्केटबॉलला मागे टाकलं. आणि यातली मेख कॅलेंडरमध्ये आहे. शाळेचं व्हॉलीबॉल ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, मुलींचं बास्केटबॉल नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे एकच मुलगी दोन्ही आरामात खेळू शकते, आणि आधी खेळायच्याच. पण आता प्रायव्हेट क्लब आलेत, आणि व्हॉलीबॉलचा क्लब सीझन सुरू होतो डिसेंबरला. बरोब्बर बास्केटबॉलच्या मधोमध. माझी धाकटी सातवीत दोन्ही खेळायची. आठवीत क्लबने सांगितलं, प्रॅक्टिस चुकवली तर मॅचला बसवून ठेवू, आणि फी तर आधीच भरलेली, अडीच हजार डॉलर, वर हॉटेल, पेट्रोल वेगळं. मग घरात आम्हीच म्हणालो, अगं एवढे पैसे भरलेत. ती काही बोलली नाही. बास्केटबॉलचे बूट गॅरेजमध्ये गेले. तेरा वर्षांच्या पोरीला आम्ही एका खेळाला बांधून टाकलं, क्लासची पूर्ण फी भरलीय म्हणून आपण पोराला सायन्स सोडू देत नाही ना, तसंच.

गंमत म्हणजे आत्ता मुलींचं बास्केटबॉल बघणारे कधी नव्हते इतके आहेत. 2024 ला कॉलेजची महिलांची फायनल टीव्हीवर पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी बघितली, त्यातली स्टार खेळाडू केटलिन क्लार्क तर आता आमच्या इंडियानापोलिसलाच खेळते, दुकानात तिचे 22 नंबरचे टीशर्ट टांगलेले, शाळेत निम्म्या मुलींच्या अंगावर तेच. त्यातल्या सात खेळायला येतात.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवलीय, मुलाचं पुढे काय झालं. सांगते. तिथे चर्चच्या हॉलमध्ये लीग असतात, कुणीही या, ट्रायआउट नाही, फी नावापुरती. आमचा पोरगा आणि त्याच यादीतून गळलेले आणखी सात-आठ जण मिळून शनिवारी तिथे जायला लागले, दोघं तर शाळेच्या टीममधल्या काहींपेक्षा उंच होते. तिथे वही नाही, एक पोरगा भिंतीवरच्या फळ्यावर खडूने स्कोर लिहितो, मध्येच स्वतः खेळायला जातो, मग दहा मिनिटं स्कोर तसाच. मी आमच्या पोराला म्हटलं, मी येऊ का लिहायला, मला सवय आहे. तर म्हणाला, नको आई, तू आलीस की सगळं मॅचसारखं होतं.