नाथसागर उतरतो तेव्हा

[पहाट. काठावरचा चिखल. सगळीकडे धुकं.]

पैठणजवळचं सोनेवाडी शिवार. डिसेंबरातली सकाळ, साडेसहा वाजलेत. धुकं इतकं की पाणी कुठं संपलं आणि चिखल कुठं सुरू झाला, ते डोळ्यांना कळत नाही. कानांना मात्र कळतं. पलीकडं पाण्यावर कुणीतरी सारखं पुटपुटतंय.

धुकं वर सरकतं आणि काळे ठिपके दिसू लागतात. दहा, शंभर... मग मोजायचा नाद सोडायचा. अंग कोळशासारखं, चोच आणि कपाळ पांढरंशुभ्र. पुस्तकात याला ‘चांदवा’ असंही म्हणतात, पण आपल्याकडचं नाव वारकरी. कपाळी गंध लावल्यासारखा दिसतो ना! नाथांच्या पैठणात तर हेच नाव शोभतं.

[आभाळात भोवत्या.]

आता वर बघा. दलदली भोवत्या आलाय, शिकारी पक्षी. पंख किंचित उचललेले, नजर खाली. वारकरी उडत नाहीत. उडणं त्यांना जडच जातं. पाण्यावर चांगली धाव घेतल्याशिवाय अंग उचलत नाही. ते एकमेकांकडं सरकतात. बघता बघता विखुरलेल्या ठिपक्यांची एक दाट दिंडी होते. एकटा सापडला तर उचलता येतो, या गर्दीत कुणाला उचलणार? भोवत्या दोन घिरट्या घालतो आणि रिकामाच जातो. दिंडी पुन्हा पांगते.

[धरणाचे दरवाजे, मग विस्तीर्ण पाणी.]

हे धरण जायकवाडीचं, पण आहे पैठणला. आधीची जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ ठरली होती. जागा बदलली, नाव तेवढं राहिलं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. दरवाजे 27. पाण्याला नाव नाथसागर, आणि 1986 पासून हे पक्षी अभयारण्य, साधारण 341 चौरस किलोमीटरचं.

पक्ष्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे ती एकच गोष्ट: हे पाणी उथळ आहे. दरीतलं धरण हंड्यासारखं असतं, हे परातीसारखं. परातीतलं पाणी बोटभर उतरलं तरी कडेचा केवढा तरी तळ उघडा पडतो. रब्बीसाठी कालव्यांना पाळी सुटली की नाथसागर मागं सरकतो आणि ओला गाळ ठेवून जातो. त्या गाळात अळ्या, गोगलगायी, पाणवनस्पतींची मुळं, बिया. शेकाट्या लाल काडीसारखा पाय उचलतो, क्षणभर तसाच धरतो, मग टाकतो, म्हणजे गाळ ढवळत नाही. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी, तो पाणी गाळत गाळत पुढं जातो. थोड्या खोलात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी करून.

[काठावर झोपलेला थवा.]

आम्ही मात्र आलोय ते यांच्यासाठी. पट्टकादंब. डोक्यामागं दोन काळे पट्टे, एका पायावर उभं राहून झोपलेला थवा, आणि मान ताठ ठेवून जागा असलेला एक पहारेकरी. यांची घरं तिबेट, मंगोलिया, लडाखच्या तळ्यांकाठी. इकडं यायचं तर हिमालय आडवा येतो, म्हणून ते तो ओलांडतात. पाठीवर यंत्र बांधून सोडलेल्या एका पक्ष्याच्या उड्डाणाची उंची 7290 मीटर भरली होती. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू ओढून घेतं. शिवाय उडायला ते रात्र नाहीतर पहाट निवडतात, कारण थंड हवा दाट असते, पंखाला आधार मिळतो.

एक कबुली. धरण काठोकाठ भरलेलं असलं की मराठवाडा खूश असतो आणि दुर्बीण घेऊन आलेला माणूस हिरमुसतो, कारण गाळ पाण्याखाली असतो आणि पक्षी पांगलेले. आम्हीही त्यातलेच. पण 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्यानं पाहिलंय, तो हे मोठ्यानं बोलत नाही.

[सूर्य कलतो. काठाला हिरवे तुकडे.]

पाणी उतरायची वाट आणखी एकजण बघत असतो. पाणी हटलं की हा काठचा शेतकरी गाळपेर करतो: गहू, हरभरा. खताची फारशी गरज नाही, ओल आयतीच. कायद्यानं बघितलं तर अभयारण्य, त्याच्या दृष्टीनं बुडालेल्या गावाचं शिवार. यात पट्टकादंबाचं मत कुणी विचारलेलं नाही, पण त्याला कोवळा हरभरा आवडतो हे नक्की.

दिवस मावळला. पहारेकरी ओरडतो, सगळ्या माना एकदम वर येतात. थवा उठतो, आमच्या डोक्यावरून जातो. पंखांचा आवाज ऐकू येतो इतका खालून. समोरच्या गव्हात उतरणार तोच शेतात कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायला लागतं. थवा वळतो, अर्धा फेर घेतो आणि शेजारच्या हरभऱ्यात उतरतो.

थोड्या वेळानं तिकडचा डबा वाजायला लागतो.